कॉन्व्हेंटचा दरवाजा कुणासाठी उघडला?

श्रीवर्धन तालुक्यातल्या बौद्धवाड्यांत पोर तीन-चार वर्षांचं झालं की घराघरांत एकच चर्चा सुरू होते. मुंबईच्या काकाकडे ठेवून त्याला 'कॉन्व्हेंट'ला घालायचं का? आपल्याकडे कॉन्व्हेंट हा शब्द आता इंग्रजी माध्यमाच्या कुठल्याही शाळेला चिकटला आहे. पाटीवर कॉन्व्हेंट लिहिलेलं असतं, आत एकही नन नसते. पण ज्या खऱ्या कॅथलिक शाळांवरून हे नाव आलं, त्यांच्याबद्दल आपल्या समाजात दोन टोकाची मतं आहेत. काही जण म्हणतात, मिशनऱ्यांनीच आपल्याला शिकवलं, त्यांचे उपकार मानले पाहिजेत. काही जण संघाच्या सुरात सूर मिसळून म्हणतात, ते फक्त बाटवायला आले होते. दोन्ही मतं इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाहीत, असे आम्हाला वाटते.

सुरुवात आपल्याच किनाऱ्यापासून करू. बागमांडल्याहून फेरीबोटीने वेसवीला उतरले की मंडणगड तालुका लागतो, त्याच तालुक्यात बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे. तिथून पुढे दापोली. 1892 साली दापोलीतल्या महार लष्करी पेन्शनरांनी आपल्या मुलांना नगरपालिकेच्या शाळेत बसू द्यावे म्हणून सरकारकडे अर्ज केला. ब्रिटिशांच्या पलटणीत बंदूक चालवलेल्या या माणसांच्या मुलांना वर्गात जागा नव्हती, व्हरांड्यात बसवायची तयारी होती. त्याआधी 1856 मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला आणि ते प्रकरण थेट लंडनपर्यंत गेले. सरकारचे कागदावरचे धोरण एक आणि शाळेच्या उंबऱ्यावरची वागणूक दुसरी, ही गोष्ट तेव्हापासूनची आहे.

अशा काळात मिशनच्या शाळा उभ्या होत्या, हे नाकारायचे कारण नाही. जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवेचा निबंध 1855 साली अमेरिकन मिशनच्या 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. पण ही सगळी प्रोटेस्टंट मिशन होती. कॅथलिक चर्चची कहाणी थोडी वेगळी आहे.

मुंबईत जेझुइटांनी 1869 मध्ये सेंट झेवियर्स सुरू केले. अशा शाळांत शिस्त होती, प्रयोगशाळा होती, इंग्रजी होते. तिथे कोण शिकले? ख्रिस्ती मुलांसोबत पारशी आणि सवर्ण हिंदू घरांतली मुले. त्याच संघाचे धर्मगुरू एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अहमदनगर जिल्ह्यातल्या महारवाड्यांत पोहोचले. तिथे त्यांनी मराठी शाळा आणि वसतिगृहे काढली. म्हणजे एकाच चर्चच्या दोन शाळा. शहरात फी भरणाऱ्यांसाठी इंग्रजी हायस्कूल, खेड्यात धर्मांतरितांसाठी मराठी प्राथमिक शाळा. खेड्यातल्या शाळेने शेकडो घरांना अक्षर दिले, हे खरेच. पण सत्तेची भाषा मात्र शहरातल्या हायस्कूलमध्येच राहिली.

बाबासाहेबांनी नेमक्या याच ठिकाणी बोट ठेवले. मिशनऱ्यांच्या शिक्षणसंस्था आणि दवाखान्यांचा मोठा लाभ सवर्ण हिंदूंनी घेतला आणि गरीब धर्मांतरित मागेच राहिला, अशी टीका त्यांनी केली. कॅथलिक चर्चने जातीशी तडजोड केली, हेही त्यांनी मांडले. गोव्यात आजही कॅथलिकांमध्ये बामण, चार्दो, सुदीर असे भेद ओळखले जातात. वसईच्या ख्रिस्ती समाजात सामवेदी, वाडवळ, कोळी या ओळखी टिकून आहेत. क्रूस गळ्यात आला म्हणून जात गळून पडली नाही.

आणि याची किंमत कुणी मोजली? 1950 च्या अनुसूचित जाती आदेशात फक्त हिंदूंना जागा होती. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती अजून बाहेरच आहे. नगरच्या मिशन शाळेत एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलांचे आजोबा एकाच महारवाड्यातले असू शकतात. त्यातल्या बौद्ध मुलाला अनुसूचित जातीची शिष्यवृत्ती मिळते, कॅथलिक मुलाला मिळत नाही. त्या मुलाच्या हक्काची लढाई आपलीही आहे.

आता एक प्रकरण, जे आपल्या कार्यकर्त्यांना क्वचितच माहीत असते. जानेवारी 1954 मध्ये मुंबई राज्याच्या सरकारने आदेश काढला की इंग्रजी माध्यमाच्या शाळांनी यापुढे अँग्लो-इंडियन आणि आशियाई वंशाचे नसलेले नागरिक सोडून इतरांना प्रवेश देऊ नये. मोरारजी देसाई तेव्हा मुख्यमंत्री होते. देवळालीची बार्न्स शाळा चालवणारी बॉम्बे एज्युकेशन सोसायटी न्यायालयात गेली. ही शाळा कॅथलिक नव्हे, अँग्लिकन. पण प्रश्न सगळ्याच मिशन शाळांचा होता. त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने हा आदेश रद्द केला. आधार होता संविधानाचे कलम 29(2): सरकारी किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेत धर्म, वंश, जात, भाषा एवढ्याच कारणावरून कुणाला प्रवेश नाकारता येत नाही. मातृभाषेच्या गौरवाची भाषणे ठोकणाऱ्यांची स्वतःची मुले कुठे शिकत होती, हा प्रश्न तेव्हाही होता, आजही आहे. कोकणातल्या बौद्ध मुलासाठी इंग्रजीचा दरवाजा कुणाच्या दयेने उघडा राहिलेला नाही, या कलमाने उघडा राहिला आहे.

शाळेतल्या रोजच्या जगण्याचेही हेच. सकाळची प्रार्थना, नाताळचा कार्यक्रम, कॅथलिक मुलांसाठी वेगळा धर्मशिक्षणाचा तास, इतरांसाठी मूल्यशिक्षण, मग दहावीचा अभ्यास. पालक आम्हाला विचारतात, आमच्या मुलाने ती प्रार्थना म्हणायची का? कलम 28(3) सांगते, राज्याची मान्यता किंवा मदत असलेल्या शाळेत धार्मिक शिक्षणाची किंवा उपासनेची सक्ती करता येत नाही. मूल अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. हा नियम चर्चच्या शाळेला लागू आहे, तसाच सरस्वतीपूजन करणाऱ्या खासगी शाळेलाही लागू आहे. आपले लोक पहिल्या ठिकाणी बिचकतात आणि दुसऱ्या ठिकाणी मुकाट नारळ देतात. हे थांबले पाहिजे.

खरा तंटा प्रार्थनेचा नाही, जागेचा आणि फीचा आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांसाठी ठेवल्या. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना त्यातून सूट दिली. 2014 च्या प्रमती निकालाने सगळ्याच अल्पसंख्याक शाळा कायद्याबाहेर काढल्या. राष्ट्रीय बालहक्क आयोगाच्या 2021 च्या अहवालानुसार ख्रिस्ती शाळांतले सुमारे 74 टक्के विद्यार्थी ख्रिस्ती नव्हते, आणि सर्व अल्पसंख्याक शाळांत मिळून दुर्बल घटकांतली मुले जेमतेम 8.76 टक्के होती. हा अहवाल अल्पसंख्याकांना झोडपायला वापरला जातो, त्यापासून सावध राहायला हवे. पण आकडा टोचतो. संरक्षण अल्पसंख्याकांच्या नावावर आणि बाकावर फी भरू शकणारे सवर्ण, हेच बाबासाहेबांनी सांगितले होते. सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच प्रमती निकालाच्या फेरविचाराची गरज व्यक्त केली आहे.

सरकारही धुतल्या तांदळासारखे नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला 25 टक्क्यांतून सूट दिली होती. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. म्हणजे चर्च संविधानाकडे बोट दाखवणार, सरकार अंतर मोजणार, आणि आपले पोर व्हरांड्यात.

मग करायचे काय? एक गोष्ट आपण विसरतो. कलम 30 फक्त ख्रिस्ती आणि मुस्लिमांसाठी नाही. बौद्धही अल्पसंख्याक आहेत. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 65 लाखांहून अधिक बौद्ध होते. आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा अधिकार आपल्यालाही आहे. बाबासाहेबांनी तर संविधानाची वाट न पाहता 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, 1946 मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय उभे केले, पुढे औरंगाबादला मिलिंद. त्यांनी मिशनऱ्यांना शिव्या देत वेळ घालवला नाही आणि त्यांच्या दारात हात जोडूनही उभे राहिले नाहीत.

आपल्या गावशाखा आणि मुंबई शाखा वर्गणी गोळा करतात, विहार बांधतात, जयंती करतात. त्याच वर्गणीतला ठरावीक वाटा इंग्रजीच्या अभ्यासवर्गाला का नको? 25 टक्क्यांचा ऑनलाइन अर्ज भरताना जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला वेळेत काढून देणारी दोन शिकलेली पोरे प्रत्येक तालुक्यात का नकोत? कॉन्व्हेंटला घाला किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत घाला, पण पोराच्या पाठीमागे संघटना उभी हवी. दापोलीच्या पेन्शनरांनी हेच केले. प्रत्येक बाप एकटा जाऊन मास्तरच्या पाया पडला नाही, सगळ्यांनी मिळून अर्ज केला.

जय भीम!