अफझलगंजचा दोषशोध

व्हॉल्व्हच्या काळातील एखादे मापनयंत्र दुरुस्तीस आले म्हणजे जाणता कारागीर आधी वीजपुरवठा पाहतो, मग एकेक टप्पा वेगळा काढून दोष हुडकतो; आणि ज्या मीटरने हे सारे मोजावयाचे तो मीटर तरी खरे सांगतो काय, याची खात्री करून घेतो. श्रोतेहो, ही शिस्त वीजयंत्रांहून जुनी आहे. हैदराबादेतील अफझलगंजच्या रुग्णालयाने ती माणसाच्या जिवासाठी लावून पाहिली.

क्लोरोफॉर्म हुंगविलेला रोगी क्वचित मेजावरच दगावे. दोष श्वासात की हृदयात? प्रश्न पुस्तकी नव्हता. श्वास आधी थांबत असेल, तर भूल देणाऱ्याने नजर छातीवर ठेवावी. हृदय आधी थांबत असेल, तर नाडीवरचे बोट काढू नये. तेथील शल्यवैद्य एडवर्ड लॉरी पहिल्या पक्षाचे, आणि मोठे हट्टी! १८८८ च्या समितीने त्यांनाच दुजोरा दिला, तेव्हा लंडनच्या ‘लॅन्सेट’ने शंका घेतली. सहावे निजाम महबूब अली खान यांनी एक हजार पौंड दिले आणि १८८९ साली लॉडर ब्रंटन हैदराबादेस आले. ते हृदयपक्षाचे.

कुत्री, घोडे, माकडे, शेळ्या, मांजरे, ससे मिळून ४९० प्राणी तपासले गेले. त्यांपैकी १२० जणांच्या धमनीस दाबमापक जोडून रक्तदाबाची रेघ उमटविली आणि नोंदींची छायाचित्रे घेतली. ब्रंटन यांचे मत पालटले. धोका गुदमरण्याचा किंवा अतिमात्रेचा, हृदयाला थेट मुळीच नाही, अशी तार त्यांनी धाडली.

१८९३ साली केंब्रिजला गॅस्केल व शोअर यांनी खरा कारागिरी उपाय केला. क्लोरोफॉर्मयुक्त रक्त एकदा केवळ मेंदूकडे, एकदा केवळ हृदयाकडे नेले. टप्पे तुटले, आणि रक्तदाब उतरण्याचा दोष हृदयात सापडला.

मग एवढ्या प्राण्यांत तो हैदराबादेस का दिसला नसावा? श्वास थांबेपर्यंत क्लोरोफॉर्म देत राहावयाचे, हा तेथील नेहमीचा क्रम. १९११ साली लेव्ही यांनी दाखविले की, भूल हलकी असताना शरीरात ॲड्रेनलिन वाढले, तर हृदय थरथरून एकाएकी बंद पडते. यंत्र तापले की लपणारा दोष दुरुस्तीवाल्यांना ठाऊक असतो; हा त्याच जातीचा. शिवाय रेघ दाब उतरल्याचे सांगे, हृदयाच्या थरथरीचे नव्हे. ती टिपू शकणारे आइनथोव्हेन यांचे तारेचे गॅल्व्हानोमीटर १९०१ नंतरचे. आणि १९०८ च्या मुसीच्या महापुरात अफझलगंजचे ते जुने रुग्णालयही गेले.