‘जहाल’ या शब्दाची गोष्ट

मिरची जहाल असते, विष जहाल असते. परंतु माणूस राजकारणात जहाल कसा झाला, हे आपण पिपरी-वर्ध्याच्या लोकांनी जरूर पाहावे. कारण त्या भांडणाचा रंग आपल्या शेजारच्या नागपुरातच चढला.

१९०७ चे काँग्रेस अधिवेशन नागपूरला भरावयाचे होते. अध्यक्ष टिळकच हवेत, असा नव्या पक्षाचा हट्ट. जुन्या पुढाऱ्यांचा त्यास तितकाच हट्टी विरोध. स्वागत समितीतच असे रण माजले की, अधिवेशन सुरतेस हलवावे लागले. तेथे २७ डिसेंबरला व्यासपीठाकडे जोडा भिरकावला गेला. सुरेंद्रनाथ बॅनर्जी व फिरोजशहा मेहता या दोघांनाही त्याचा प्रसाद मिळाला. मग काठ्या-खुर्च्या चालल्या आणि सभा मोडली.

इंग्रजीत या नव्या पक्षाला ‘एक्स्ट्रीमिस्ट’ म्हणत. त्या शब्दाच्या पोटात टोक आहे. हा मनुष्य हद्द ओलांडून गेला, असा ठपका आहे. मराठीने त्याच्या जागी ‘जहाल’ घेतला. जहालपणात तिखटपणा आहे, जोर आहे. हद्दीचा प्रश्नच नाही. ठपका असा वाटेतच गळून पडला आणि लोक तो शब्द भूषणासारखा मिरवू लागले. उलट ‘मवाळ’ हा बिचारा सौम्य शब्द. सारी नामुष्की त्याच्या वाट्यास आली.

माझ्या मते हा अन्यायच झाला. गोपाळ कृष्ण गोखले मवाळ खरे. पण सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक १९११ साली सरकारपुढे मांडणाऱ्या आणि पुढील वर्षी ते फेटाळले जाईपर्यंत नेटाने लढविणाऱ्या या गृहस्थाला मऊ म्हणावयाचे तरी कसे?

टिळकांना मात्र या शब्दांचे खरे मोल ठाऊक होते. सुरतेच्या आधी, १९०७ च्या जानेवारीतच, कलकत्त्याच्या भाषणात त्यांनी सांगून ठेवले होते की, ही नावे काळाबरोबर सरकतात. आजचा जहाल तो उद्याचा मवाळ.

टिळक १ ऑगस्ट १९२० रोजी वारले. त्याच वर्षाच्या अखेरीस नागपूरला अधिवेशन भरले; स्वागताध्यक्ष होते आपल्या वर्ध्याचे जमनालालजी बजाज. असहकाराचा ठराव तेथे कायम झाला. सुरतेत टिळकांच्या बाजूस असलेले अमरावतीचे दादासाहेब खापर्डे यांना तो असहकार पटला नाही आणि ते काँग्रेसपासून दूर झाले. सुरतेला तेव्हा अवघी तेरा वर्षे झाली होती.