ब्रेकचा मास्टर सिलिंडर : एका सुट्या भागाचा इतिहास

तंत्रज्ञानाचा इतिहास आपण बहुधा शोध, शोधक आणि पेटंट या क्रमाने शिकतो. वस्तू वापरात आल्यानंतर तिची झीज, दुरुस्ती आणि सुटे भाग यांना पाठ्यपुस्तकात फारशी जागा मिळत नाही. ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द शॉक ऑफ द ओल्ड' या ग्रंथात या सवयीवर टीका केली आणि वापराचा व देखभालीचा इतिहास लिहिण्याचा आग्रह धरला. या पाठात आपण तोच दृष्टिकोन एका लहानशा भागाला लावून पाहू. जुन्या मोटारीचा ब्रेकचा मास्टर सिलिंडर काढून नवा बसवणे हे एका दिवसाचे काम आहे. पण तो भाग तसा का घडवला गेला आणि तो बदलताना आजही वाद का होतात, हे समजण्यासाठी शंभर वर्षे मागे जावे लागते.

आधी रचना पाहू. चालकाने पेडल दाबले की एक दांडा ओतीव लोखंडाच्या नळकांड्यातील दट्ट्या पुढे ढकलतो. दट्ट्यापुढे रबरी कप असतो. तो द्रव अडवून धरतो, आणि द्रवावरचा दाब नळ्यांमधून चारही चाकांकडे सारखा पोहोचतो. हा पास्कलचा नियम. त्यावर आधारलेल्या दाबयंत्राचे पेटंट जोसेफ ब्रामा याने इंग्लंडमध्ये 1795 मध्येच घेतले होते. म्हणजे तत्त्व जुनेच होते. अडचण होती ती द्रव गळू न देण्याची.

मोटारीसाठी ही कल्पना पुढे नेली अमेरिकेतील माल्कम लॉगहेड याने. त्याच्या आडनावाचे स्पेलिंग लोक चुकीचे उच्चारत, म्हणून त्याने ते पुढे 'लॉकहीड' असे केले. त्याचा भाऊ ॲलन याच्या नावाशी जोडलेली विमान कंपनी अधिक प्रसिद्ध झाली. 1921 च्या ड्यूझेनबर्ग मोटारीला चारही चाकांवर द्रवचालित ब्रेक होते, पण ती मोटार श्रीमंतांची होती. 1924 मध्ये वॉल्टर क्रायस्लरने आपल्या मध्यम किमतीच्या मोटारीला हे ब्रेक दिले. त्याआधी त्याच्या अभियंत्यांनी एक महत्त्वाची सुधारणा केली : सुरुवातीच्या रचनेतील कातडी कप वाळून गळत असत, त्यांच्या जागी त्यांनी रबरी कप घातले. माझ्या मते या कथेतील खरा निर्णायक क्षण पेटंटचा नाही, या रबराचा आहे.

हेन्री फोर्ड मात्र बधला नाही. पेडलपासून चाकापर्यंत पोलादी दांडे हवेत, द्रवाचा भरवसा नाही, अशी त्याची भूमिका होती. जनरल मोटर्सची शेव्हरोले 1936 मध्ये द्रवचालित ब्रेककडे वळली, तरी फोर्डच्या मोटारींना ते 1939 च्या मॉडेलपर्यंत मिळाले नाहीत. फोर्डचा हा हट्ट हास्यास्पद ठरवणे सोपे आहे. पण त्याच्या आक्षेपात तथ्य होते. दांड्यांच्या ब्रेकमध्ये एका चाकाचा दांडा तुटला तरी बाकीची चाके काही प्रमाणात थांबतात. एकेरी मंडलाच्या द्रवचालित ब्रेकमध्ये कोठेही नळी फुटली, किंवा मास्टर सिलिंडरमधील एक कप फाटला, की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. चालकाच्या हाती उरतो तो फक्त तारेवर चालणारा हँडब्रेक.

या आक्षेपाला उद्योगाने उत्तर दिले ते फार उशिरा. एकाच नळकांड्यात एकामागे एक दोन दट्ट्या आणि दोन स्वतंत्र मंडले अशी दुहेरी रचना कॅडिलॅक आणि अमेरिकन मोटर्स यांनी 1962 च्या मॉडेलांत आणली. राल्फ नेडर यांचे 'अनसेफ ॲट एनी स्पीड' हे पुस्तक 1965 मध्ये आले, पुढच्याच वर्षी अमेरिकेत वाहन सुरक्षेचा संघीय कायदा झाला, आणि 1 जानेवारी 1968 पासून तेथे नव्या मोटारींना दुहेरी मंडल सक्तीचे ठरले. तंत्र अवघड होते म्हणून हा उशीर झाला, असे म्हणता येत नाही. कायदा येईपर्यंत बहुतेक कारखान्यांना त्याची घाई वाटली नाही, एवढेच.

आता प्रत्यक्ष मोटारीकडे येऊ. ॲलेक इसिगोनिस याच्या कल्पनेतील मॉरिस मायनर 1948 मध्ये बाजारात आली. तिची सुरुवातीची आवृत्ती भारतात हिंदुस्थान मोटर्सने 'बेबी हिंदुस्थान' या नावाने विकली. तिचा मास्टर सिलिंडर चालकाच्या पायाखाली, चासीच्या पोकळ तुळईत बसवलेला आहे. द्रव भरायचा तर गालिचा उचलून जमिनीतील झाकण काढावे लागते. सिलिंडर काढायचा तर त्याचे बोल्ट बाहेर यायला पुढच्या सस्पेन्शनचा टॉर्शन बार आड येतो, म्हणून आधी तो सोडवावा लागतो. कारखान्यात सिलिंडर आधी बसतो आणि टॉर्शन बार नंतर, त्यामुळे जोडणी करणाऱ्याला ही अडचण कधीच आली नसणार. ती आली दुरुस्ती करणाऱ्याला. म्हणूनच अनेक मेकॅनिक नवा सिलिंडर बसवताना बोल्ट उलट्या दिशेने घालतात, म्हणजे पुढच्या वेळी टॉर्शन बारला हात लावावा लागत नाही. अशा मोटारीत उलटा बोल्ट दिसला, तर आधी कोणीतरी हे काम केले असावे असा तर्क करता येतो. इतिहासकाराच्या दृष्टीने तो बोल्ट हाच एक दस्तऐवज आहे.

बिघाडाची चिन्हेही वाचता येतात. पेडल पायाखाली हळूहळू खाली जाते, पण बाहेर कोठेही गळती दिसत नाही, तेव्हा द्रव आतल्या कपाला वळसा घालून मागे जात असतो. ब्रेक आपोआप धरून राहत असतील, तर बहुधा पेडलला मोकळी चाल ठेवलेली नसते. त्यामुळे दट्ट्या पूर्ण मागे येत नाही, टाकीकडे जाणारे बारीक छिद्र झाकलेले राहते आणि तापून फुगलेल्या द्रवाला परत जायला वाट उरत नाही.

येथे भाषेचा एक धोका सांगितला पाहिजे. आपल्याकडे या द्रवाला सर्रास 'ब्रेक ऑइल' म्हणतात, पण ते खनिज तेल नव्हे. सुरुवातीच्या काळात त्यात एरंडेल आणि अल्कोहोल असे, आता बहुधा ग्लायकॉलवर आधारित द्रव वापरतात. नावावर विसंबून कोणी इंजिन ऑइल ओतले तर रबरी कप फुगून निकामी होतात. ग्लायकॉलचा द्रव हवेतील ओलावाही शोषतो. वर्षानुवर्षे तो न बदलता उभ्या ठेवलेल्या मोटारीचे नळकांडे आतून गंजते, आणि मग नुसते कप बदलून भागत नाही.

भारतात असे कप बदलण्याची कला टिकली, त्याला आर्थिक धोरणाचे कारण आहे. 1953 मधील प्रशुल्क आयोगाच्या शिफारशींनंतर केवळ जोडणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना येथे वाव उरला नाही. जनरल मोटर्स, जी 1928 पासून मुंबईत मोटारी जोडत होती, आणि फोर्ड या दोन्ही निघून गेल्या. उरल्या त्या उत्तरपाड्याची अँबॅसेडर आणि वालचंद हिराचंद यांच्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातील फियाट, हीच पुढे पद्मिनी झाली. मॉडेल दशकानुदशके तेच राहिल्यामुळे त्यांचे सुटे भाग आणि ते बसवणारे हात दोन्ही मिळत राहिले. बेबी हिंदुस्थानचे तसे झाले नाही.

आज अशा मोटारीच्या मालकापुढे पेच उभा राहतो. एकेरी सिलिंडर मूळचा आहे, दुहेरी सुरक्षित आहे. केंद्र सरकारच्या 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुने वाहन 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, पण त्याची चासी, बॉडी किंवा इंजिन यांत बदल केलेला नसावा. दुहेरी सिलिंडरसाठी चासीत नवी भोके पाडावी लागली, तर प्रश्न येतो. काही कार्यशाळा मधला मार्ग काढतात : जुने नळकांडे आतून कातून त्यात पितळी किंवा स्टेनलेस स्टीलची नळी बसवतात आणि रबर नवे घालतात. बाहेरून 1950 चे, आतून आजचे, मंडल मात्र एकेरीच. अशी मोटार संग्रहालयात ठेवताना तिच्या नोंदपत्रकात ही नळी कधी बसवली हेही लिहायला हवे.