खेळातली आगगाडी आणि एक खटला

दिवाळीत घरात चावीची आगगाडी आली, की मुलांबरोबर थोरही जमिनीवर बसतात. गाडी एक असेपर्यंत सारे सुखाचे. दुसरी रुळावर आली, की टक्कर ठरलेलीच! युरोप-अमेरिकेतील छंदिष्टांपुढे हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. त्यांच्या मेळाव्यांत प्रत्येकाने आणलेले रुळांचे तुकडे जोडून लांबलचक मार्ग तयार होतो आणि त्यावर एकाच वेळी अनेक गाड्या वेळापत्रकाबरहुकूम धावतात.

जुन्या पद्धतीत विजेचा दाब कमी-जास्त करून गाडी चालवीत. त्यामुळे एका रुळावरची सारी इंजिने एकदमच पळत. म्हणून रुळांचे विभाग पाडून खटके फिरवीत बसावे लागे. १९९०च्या दशकात नवी रीत रूढ झाली. रुळांतून विजेबरोबर क्रमांकवार हुकूम जातात आणि इंजिनाच्या पोटातले चिमुकले यंत्र आपल्या क्रमांकाचा हुकूम तेवढा पाळते. मग संगणकही मदतीला आला. कोणता विभाग अडला आहे हे पाहून सांधे बदलणे, सिग्नल देणे, कोणता डबा कोठे सोडायचा याची यादी करणे, ही कामे तो करू लागला.

या कामाची ‘जेएमआरआय’ नावाची आज्ञावली बर्कले येथील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक बॉब जेकबसेन यांनी सुरू केली. अनेकांनी फावल्या वेळात तीत भर घातली आणि ती सर्वांना फुकट दिली. अट एवढीच, की वापरणाऱ्याने मूळ कर्त्यांची नावे राखावीत व आपण केलेले बदल नमूद करावेत. ऑरेगॉनमधील एका कंपनीने तीतल्या इंजिन-यंत्रांच्या माहितीच्या फायली, कर्त्यांची नावे गाळून, आपल्या विक्रीच्या मालात घातल्या. शिवाय आपल्या पेटंटापोटी जेकबसेन यांच्याकडेच २ लाख डॉलरांहून अधिक रक्कम मागितली!

२००६ साली जेकबसेन न्यायालयात गेले. खालच्या न्यायालयाने २००७ साली मनाईहुकूम नाकारला. अट मोडली तरी तो फार तर कराराचा भंग, असे त्याचे म्हणणे. १३ ऑगस्ट २००८ रोजी वरच्या न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. मोबदला घेतला नाही म्हणून कर्त्याची अट पोकळ ठरत नाही, ती मोडणे हा लेखनहक्काचाही भंग होऊ शकतो, असे त्याने सांगितले. २०१० साली समेट झाला आणि १ लाख डॉलर देण्याचे ठरले.

खेळातल्या गाड्यांवरून उठलेल्या या वादाचा निकाल फुकट वाटल्या जाणाऱ्या साऱ्याच आज्ञावल्यांना आधार झाला. देणाऱ्याने पैसा सोडला, म्हणून त्याचे नावही पुसावे काय? छंदिष्टांनी या प्रश्नाचे उत्तर कायद्याकडून मिळविले, हे काही थोडे नव्हे.