मातृभाषेची मजुरी : ब्रिटनमधील इंग्रजीच्या शिक्षकांविषयी

इंग्रजीच्या अध्यापनाचा इतिहास आपल्याकडे बहुधा मेकॉलेच्या १८३५च्या टिपणापासून सुरू होतो आणि वसाहतवादाच्या चर्चेत विसावतो. खुद्द ब्रिटनच्या भूमीवर परक्यांना इंग्रजी शिकवणारा माणूस कोण होता, कोणत्या करारावर काम करीत होता, त्याच्या पदरात काय पडत होते, हे प्रश्न आपल्या अभ्यासक्रमात येत नाहीत. आम्ही मराठी विभागातले. आमचा या विषयाशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे, तो ओघात येईलच.

परक्यांना इंग्रजी शिकवण्यासाठी इंग्लंडात निघालेल्या अगदी आरंभीच्या पुस्तकांत झाक बेलो याच्या १५८०च्या पुस्तकाची गणना होते. बेलो मूळचा नॉर्मंडीचा. फ्रान्समधील धर्मयुद्धांमुळे प्रॉटेस्टंट कुटुंबे लंडनला येऊन राहत होती. त्यांत विणकर होते, कारागीर होते, व्यापारी होते आणि त्यांना बाजारात निभाव लागण्याइतके इंग्रजी तातडीने हवे होते. १५८६ साली बेलोने संवादांचे एक पुस्तक काढले. त्यात एका रकान्यात इंग्रजी, दुसऱ्यात फ्रेंच आणि तिसऱ्यात इंग्रजीचा उच्चार फ्रेंच वाचकाला उमगेल अशा वळणाने लिहिलेला. दुकानदारांशी घासाघीस, घरची उठबस असा रोजचा संसार त्यात भरलेला आहे. पुढच्या शतकात, १६८५ साली, फ्रेंच भाषकांसाठी इंग्रजीचे पुस्तक लिहिणारा गी मिएझ हाही लोझानहून आलेला. म्हणजे इंग्लंडमधील इंग्रजीचे हे आद्य शिक्षक स्वतः ती भाषा बाहेरून शिकलेले होते. कुठे अडखळायला होते हे त्यांना ठाऊक होते आणि तेच त्यांचे भांडवल होते.

हे भांडवल पुढे निरुपयोगी ठरले, ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. माक्सिमिलियन बर्लिट्झ याने १८७८ साली अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स येथे आपली पहिली शाळा काढली. तो आजारी पडल्यावर इंग्रजीचा गंध नसलेल्या त्याच्या फ्रेंच साहाय्यकाने केवळ हावभाव आणि फ्रेंच यांवर वर्ग चालवला आणि तो अधिक यशस्वी झाला, अशी कथा सांगितली जाते. कथा खरी असो वा रचलेली, तिच्यातून निघालेले सूत्र जगभर पसरले : भाषा तिच्या जन्मजात भाषकाने, विद्यार्थ्याच्या भाषेचा आधार न घेता शिकवावी. वाङ्मयाच्या अभ्यासकांना या शाळा वेगळ्या कारणाने परिचित आहेत. जेम्स जॉइस १९०४-०५च्या सुमारास पोला आणि त्रिएस्त येथे, तर विल्फ्रेड ओवेन १९१३ साली बोर्दो येथे बर्लिट्झच्या शाळेत इंग्रजी शिकवीत होते. चरित्रकार या नोकऱ्यांकडे लेखकाच्या हलाखीचा एक टप्पा म्हणून पाहतात. आम्हांला मात्र त्यात एका धंद्याचे भविष्य दिसते. तरुण, हुशार, गरजू आणि इंग्रजी बोलत वाढलेला माणूस हा या धंद्याचा कच्चा माल ठरला होता. शिकवण्याची पात्रता जन्मानेच मिळत असेल, तर ती असणारे हजारो निघतात. आणि ज्याच्या जागी उद्या दुसरा सहज मिळतो, त्याचा भाव चढत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा धंदा ब्रिटनमध्येच रुजला. फ्रँक बेल हे जपान्यांच्या कैदेत बोर्निओतील कुचिंगच्या छावणीत होते. तेथे त्यांनी सहकैद्यांसाठी चोरून वर्ग चालवले होते. १९५५ साली त्यांनी केंब्रिजमध्ये भाषाशाळा काढली. जॉन आणि ब्रिटा हेक्राफ्ट या दांपत्याने १९५३ साली स्पेनमधील कोर्दोबा येथे शाळा सुरू केली आणि १९५९ साली लंडनमध्ये 'इंटरनॅशनल हाउस'. भाषा शिकल्याने युरोपातील माणसे एकमेकांच्या जवळ येतील ही त्या पिढीची श्रद्धा होती, आणि ती खोटी म्हणण्याचे कारण नाही.

पण शाळा वाढल्या तसे शिक्षक पुरेनात. म्हणून हेक्राफ्ट यांनी १९६२ साली शिक्षकांसाठी अल्पमुदतीचा प्रशिक्षणवर्ग काढला. आज 'सेल्टा' या नावाने ओळखले जाणारे, पूर्णवेळ केल्यास चार आठवड्यांत मिळणारे प्रमाणपत्र त्याच्याच वंशातले. एकूण सुमारे १२० तास, त्यांत प्रत्यक्ष वर्गावर शिकवण्याचे ६. या वर्गाची टिंगल करणे सोपे आहे. आम्ही ती करणार नाही, कारण वर्षभराचे बी.एड. करूनही वर्गात पाठमोरे उभे राहून फळ्याशी बोलणारे शिक्षक आम्ही पाहिले आहेत. वर्ग चांगला होता. परिणाम मात्र असा झाला की महिनाभरात तयार होणाऱ्या माणसाला महिनाभरात बदलताही येऊ लागले. मालकाला पदवीधर शिक्षक पूर्वीच मिळत होता. आता तो प्रमाणपत्रासह, आणि प्रमाणपत्राची फी स्वतः भरून, मिळू लागला.

खाजगी भाषाशाळांतील वेतनाचे एकक 'तास' हे आहे, आणि तास म्हणजे विद्यार्थ्यांसमोर उभे राहण्याचा तास. पाठाची तयारी, वह्यांची तपासणी, नव्या विद्यार्थ्याची पातळी ठरवणे, दोन वर्गांमधला रिकामा वेळ ही सगळी कामे पुष्कळदा त्या एका तासाच्या पोटात गडप होतात. समजा, एखाद्याला तासाला १५ पौंड मिळतात आणि दर तासामागे अर्धा तास तयारीला लागतो. तर त्याची खरी कमाई तासाला १० पौंड होते. एप्रिल २०२४ पासून प्रौढ कामगाराचे कायदेशीर किमान वेतन ताशी ११ पौंड ४४ पेन्स होते. किमान वेतनाच्या कायद्यासमोर असा हिशोब मांडायचा, तर तयारीचा वेळ हे 'काम' होते हे आधी सिद्ध करावे लागते. आणि घरी, रात्री, स्वयंपाकघरातल्या टेबलावर केलेले काम मोजणार कोण?

हे वाचताना आमच्या बहुतेक सहकाऱ्यांना परक्या देशातले काही वाचतो आहोत असे वाटणार नाही. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणारे प्राध्यापक हेच गणित वर्षानुवर्षे सोडवीत आले आहेत. आमच्यापैकी एकाने अशी सहा वर्षे काढली; नेट उत्तीर्ण होऊन. तेव्हा स्टाफरूममध्ये विज्ञानाच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने अगदी प्रेमाने म्हटले होते, "सर, मराठी काय, कोणीही शिकवील. तुम्ही उगाच मनाला लावून घेता." तेव्हा, पात्रतेची अट सैल असणे हेच अल्प वेतनाचे एकमेव कारण आहे असे आम्ही म्हणू शकत नाही. आमच्यासाठी अट कडक आहे आणि वेतन तरीही तासाचेच आहे. पण "कोणीही शिकवील" हे वाक्य दोन्हीकडे एकच आहे.

ब्रिटनमधील या धंद्याला ऋतूही आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये इटली, स्पेन अशा देशांतून शाळकरी मुलांचे गट येतात आणि बोर्नमथ, हेस्टिंग्ज, ब्रायटन यांसारखी समुद्रकाठची गावे त्यांनी भरून जातात. तेवढ्या आठवड्यांसाठी शिक्षक नेमले जातात. निवासी शाळांत सकाळी वर्ग, दुपारी खेळ, संध्याकाळी करमणूक, शनिवारी सहल, आणि राहण्याजेवण्याची सोय हा मोबदल्याचाच भाग. सप्टेंबरात सारे पांगतात. ब्रिटिश कौन्सिलची तपासणी होऊन शाळांना मान्यता मिळते. पण शिक्षकाला काय दर द्यावा हे ठरवणे हे त्या तपासणीचे काम कधीच नव्हते.

कायद्याने या हंगामी माणसाकडे पाहिले ते उशिरा. ब्रिटनमध्ये सर्व कामगारांना भरपगारी रजेचा सर्वसाधारण हक्क १९९८च्या कामाच्या वेळेसंबंधीच्या नियमांनी आला, किमान वेतन १ एप्रिल १९९९ रोजी, ताशी ३ पौंड ६० पेन्स. परंतु रजेच्या हक्काला एक अट होती : त्याच मालकाकडे सलग १३ आठवडे काम. उन्हाळी शाळा आठ-दहा आठवड्यांत आटोपते; म्हणजे हक्क मिळाला आणि हातातून निसटला. ही अट युरोपीय न्यायालयाने २००१ साली रद्दबातल ठरवली. तिच्याविरुद्ध लढणारी संघटना चित्रपट आणि दूरचित्रवाणी क्षेत्रातील कामगारांची होती, कारण तेही असेच तुकड्यातुकड्यांच्या करारावर जगत. पुढे, २०२२ साली, बेडफर्ड येथील शाळेत शून्य-तास करारावर (म्हणजे किती काम देणार याची मालकावर कसलीही बांधिलकी नसलेल्या करारावर) संगीत शिकवणाऱ्या एका शिक्षिकेचा खटला सर्वोच्च न्यायालयात निकालात निघाला. रजेचा पगार एकूण कमाईच्या १२.०७ टक्के धरण्याची मालकांची पद्धत न्यायालयाने अमान्य केली. सत्रापुरते काम करणाऱ्या सर्वांना हा मोठा विजय वाटला. तो दोन वर्षेही टिकला नाही. १ एप्रिल २०२४ पासून सुरू होणाऱ्या रजावर्षांसाठी अनियमित तासांच्या कामगारांना तेच १२.०७ टक्के सरकारने नियमात बसवले.

आतापर्यंत आम्ही फी भरून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या शिक्षकांबद्दल बोललो. बेलोचे खरे वारस दुसरीकडे आहेत : स्थलांतरितांना इंग्रजी शिकवणारे. १९६० नंतर दक्षिण आशियातून आलेल्या कुटुंबांतील स्त्रियांना घरी जाऊन शिकवणाऱ्या बहुतेक स्वयंसेविकाच होत्या, बिनपगारी. बीबीसीने १९७७ साली 'पडोसी' नावाची मालिका काढली. शिकवणे हा जणू शेजारधर्म. शेजारधर्माला वेतन मागणे कठीण. एखाद्या कामाचा आरंभ सेवेत झाला की ते पुढे नोकरी झाल्यावरही त्याच्याकडून सेवेचीच अपेक्षा राहते, हे आपल्याकडील बालवाड्यांच्या बाबतीतही दिसते.

त्याच काळात लंडनच्या साउथॉल भागात कारखान्यांतील कामगारांना कामाच्या जागी इंग्रजी शिकवण्याचा उपक्रम सरकारी पैशाने उभा राहिला. त्याच्याशी जॉन गंपर्झ यांचे नाव जोडलेले आहे. एम.ए.च्या भाषाविज्ञानाच्या वर्गात आम्ही गंपर्झ शिकवतो ते सांगली जिल्ह्यातील कुपवाडच्या संदर्भात : मराठी, कन्नड आणि उर्दू शतकानुशतके शेजारी नांदून वाक्यरचनेत एकरूप कशा होत गेल्या, हा विल्सन यांच्यासह लिहिलेला १९७१चा लेख. हेच गंपर्झ ब्रिटनमधील एका विमानतळाच्या उपाहारगृहातील भारतीय आणि पाकिस्तानी वाढपी स्त्रियांचे उदाहरण देतात. मांस वाढताना "ग्रेव्ही?" असा चढा स्वर लावण्याऐवजी त्या उतरत्या स्वरात "ग्रेव्ही" म्हणत आणि त्या उर्मट आहेत अशी तक्रार होई. हे ओळखणारा, दोन्ही बाजूंना ते ऐकवून दाखवणारा शिक्षक चार आठवड्यांत तयार होत नाही. १९७९ साली बीबीसीने या विषयावर कार्यक्रम केला. १९८०चे दशक सरता सरता तो उपक्रम मात्र पैशाअभावी संपला.

पुढचे काम मुख्यतः सार्वजनिक महाविद्यालयांकडे राहिले, आणि ती १ एप्रिल १९९३ रोजी स्थानिक प्रशासनापासून विलग झाली. आपला ताळेबंद आपणच जुळवायचा असल्याने पहिली नजर तासावरच्या शिक्षकांवर गेली. १९९६ साली लँकेशरमधील अॅक्रिंग्टन आणि रोसेंडेल महाविद्यालयाने ३४१ अंशकालीन अध्यापकांचे करार संपवले वा पुढे चालू ठेवले नाहीत. एका संस्थेमार्फत, 'स्वयंरोजगारी' म्हणून, त्यांनी तेच काम करावे असे सुचवले. डेब्रा अॅलनबी या अध्यापिकेने दाद मागितली. तिचा विषय इंग्रजी नव्हता, पण करार तोच होता. युरोपीय न्यायालयाने जानेवारी २००४ मध्ये निकाल दिला : वेतन देणारा मालक निराळा असल्याने महाविद्यालयातील पुरुष अध्यापकाच्या वेतनाशी तुलना करता येणार नाही; निवृत्तिवेतन योजनेतून वगळण्याचा प्रश्न मात्र खुला ठेवला. शेजारच्या वर्गात तेच शिकवणाऱ्याशी तुलना नाही, कारण धनादेशावरची सही वेगळी!

या साऱ्यात एक उजेडाचा काळ येऊन गेला. २००१ साली इंग्लंडमध्ये प्रौढांच्या मूलभूत शिक्षणाची मोठी योजना आली, स्थलांतरितांच्या इंग्रजीला स्वतःचा अभ्यासक्रम मिळाला, वर्ग मोफत झाले. सप्टेंबर २००७ मध्ये महाविद्यालयीन अध्यापकांना विशिष्ट पात्रता कायद्याने आवश्यक झाली. "कोणीही शिकवील" याला सरकारी उत्तर मिळाले होते. पण त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, सरसकट फीमाफी काढून घेतली गेली. शिक्षक आणि विद्यार्थी दोघांनी मिळून विरोध केला, काही सवलती मिळाल्या, मूळ निर्णय राहिला. आणि सप्टेंबर २०१३ मध्ये पात्रतेचे नियमही मागे घेण्यात आले. ज्यांनी मधल्या सहा वर्षांत दिवसा शिकवून संध्याकाळी शिकत ती पदविका मिळवली होती, त्यांच्या हातात प्रमाणपत्र राहिले. नव्याने येणाऱ्याकडे ते मागायचे की नाही, हे ज्या त्या महाविद्यालयाने ठरवायचे असे झाले.