आप्पांचं कमिशन बिल

परवा रात्री साडेदहाला भाच्याचा फोन आला. इतक्या उशिरा तो कधी करत नाही, त्यामुळे आधी पोटात गोळाच आला. पण बातमी वेगळीच होती. "आत्या, मी नोकरी सोडतोय." दुसरी मिळाली का म्हणून विचारलं, तर म्हणे नाही, आता नोकरीच नको. गेली तीन वर्षं तो ऑफिस सांभाळून हेडफोन, स्पीकर, कीबोर्ड असल्या वस्तू वापरून बघतो, त्यावर लिहितो आणि खाली लिंक देतो. त्या लिंकवरून कुणी काही विकत घेतलं की याला कमिशन. सलग पाच महिने हे कमिशन पगाराच्या वर गेलंय. याला अ‍ॅफिलिएट मार्केटिंग म्हणतात हे एव्हाना आमच्या घरात सगळ्यांना, अगदी आईलासुद्धा, पाठ झालंय.

मी दोन-चार शंका काढल्या, तेव्हा त्याने हुकमाचा पत्ता टाकला. "आजोबांनी तरी काय केलं होतं? कमिशनसाठीच नोकरी सोडली होती ना?"

आता यावर काय बोलणार! खरंच आहे ते. आप्पांनी १९७४ साली मिरजेतल्या एका पेढीवरची कारकुनी सोडून पूर्णवेळ एलआयसीची एजन्सी धरली. मी तेव्हा सात वर्षांची. महिन्याचा बांधलेला पगार सोडून लोकांची दारं पुजणार म्हणून आजी दोन दिवस जेवली नव्हती. त्याच कमिशनवर पुढे आम्ही दोघं भावंडं शिकलो, घर झालं, माझं लग्न झालं.

फोन ठेवला, पण झोप काही लागली नाही. मग चार दिवस या कमिशनचा इतिहासच वाचत बसले. आप्पांचं कमिशन आणि याचं कमिशन एकच का, एवढंच मला बघायचं होतं.

मधल्या माणसाने टक्का घेणं हे काही इंटरनेटने शोधलेलं नाही. आपल्याकडे बाजारातला अडत्या पिढ्यान्‌पिढ्या तेच करत आलाय. पण अडत्या शेतकऱ्याला ओळखतो, व्यापाऱ्याला ओळखतो, कुणाची उधारी बुडेल हेही त्याला ठाऊक असतं. नवीन धंद्यात ही ओळखच गळाली.

सुरुवात झाली ती फुलांपासून. १९८९ मध्ये अमेरिकेत विल्यम टोबिन यांनी पीसी फ्लॉवर्स अँड गिफ्ट्स हे दुकान प्रॉडिजी नावाच्या सेवेवर उघडलं. फोनच्या तारेवरून घरच्या कॉम्प्युटरला जोडलेली ही सेवा. आजचं वेब तेव्हा नव्हतंच. १९९३ पर्यंत या दुकानाची विक्री वर्षाला ६० लाख डॉलरच्या वर गेली. मग वेब आलं आणि टोबिननी इतरांच्या साइटवरून गिऱ्हाईक आणून त्यांना वाटा देण्याची पद्धत बसवली. १९९५ मध्ये त्यांचे असे २,६०० भागीदार होते. जानेवारी १९९६ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला, ते मिळालं ऑक्टोबर २००० मध्ये.

दरम्यान १९९४ च्या नोव्हेंबरात सीडीनाऊ या कंपनीने असंच काहीतरी सुरू केलं होतं. जेसन आणि मॅथ्यू ओलिम या जुळ्या भावांनी आई-वडिलांच्या घराच्या तळघरात काढलेली ही कंपनी. गेफन रेकॉर्ड्सला आपल्या गायकांच्या सीड्या साइटवरून विकायच्या होत्या, पण पॅकिंग, टपाल, पैसे गोळा करणं ही झंझट नको होती. सीडीनाऊ म्हणाली, तुम्ही फक्त माणूस आमच्याकडे पाठवा, बाकी आम्ही बघतो. आणि जुलै १९९६ मध्ये अ‍ॅमेझॉनने हीच गोष्ट सगळ्यांसाठी खुली केली. तुमची बागकामाची साइट असो की मांजरांची, पुस्तकाची लिंक द्या, पुस्तक खपलं की टक्का घ्या. नव्वदीच्या शेवटी शेवटी थेट दिलेल्या लिंकवर पुस्तकामागे १५ टक्क्यांपर्यंत मिळायचे. (आजचे दर बघितले की हा आकडा पुराणातला वाटतो.) फेब्रुवारी २००० मध्ये अ‍ॅमेझॉनलाही तिच्या पद्धतीचं पेटंट मिळालं. एकाच धंद्याची दोन पेटंटं एकाच वर्षात, असो.

हे सगळं चालतं कसं, तर कुकीवर. लू माँटुली यांनी १९९४ मध्ये नेटस्केपसाठी ही युक्ती काढली. साइट तुमच्या ब्राउझरमध्ये एक बारकी चिठ्ठी ठेवते. भाच्याच्या लिंकवर तुम्ही टिचकी मारलीत की चिठ्ठीवर लिहिलं जातं, हे गिऱ्हाईक अमक्याने पाठवलं. चिठ्ठीला मुदत असते. अ‍ॅमेझॉनच्या योजनेत ती २४ तास, त्या वेळात वस्तू टोपलीत टाकून ठेवली तर जरा जास्त. मुदत संपली की चिठ्ठी रद्द. दुसऱ्या आठवड्यात तुम्ही तेच हेडफोन घेतलेत तर भाच्याला शून्य. आणि नंतर दहा वर्षं तुम्ही त्याच दुकानातून किराण्यापासून कपाटापर्यंत सगळं घेत राहिलात तरी शून्य.

इथे मला आप्पांची कमिशन बिलं आठवली. एलआयसीच्या शाखेतून दर महिन्याला यायची. कुठल्या पॉलिसीचा हप्ता भरला गेला, त्यावर आप्पांचे किती, याची लांबच लांब यादी. लांब मुदतीच्या पॉलिसीला पहिल्या वर्षीच्या हप्त्यावर २५ टक्के (बोनस कमिशन वेगळं), दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी साडेसात, आणि पुढे हप्ते चालू असेपर्यंत ५ टक्के. वर्षाला हजार रुपये हप्त्याची वीस वर्षांची पॉलिसी धरा. पहिल्या वर्षी २५०, पुढच्या दोन वर्षांचे मिळून १५०, आणि उरलेल्या सतरा वर्षांचे ५० प्रमाणे ८५०. बोनस सोडून झाले साडेबाराशे, त्यातले हजार नंतर आलेले! म्हणजे आप्पा १९९० मध्ये जे कमवत होते त्यातला मोठा भाग ऐंशी-पंच्याऐंशी साली पायपीट करून पेरलेला होता. पडून राहिले तरी घर चालेल, असं ते म्हणायचे. १९८८ मध्ये पाय मोडून चार महिने खरोखर पडून राहिले, आणि घर चाललं.

शिवाय १९३८ च्या विमा कायद्यात ४४ वं कलम होतं. ठरावीक वर्षं काम केलेल्या एजंटाची एजन्सी सुटली तरी त्याने मिळवलेल्या धंद्यावरचं पुढचं कमिशन कंपनीने थांबवायचं नाही, आणि तो गेला तर ते वारसांना द्यायचं. एलआयसीच्या १९७२ च्या एजंटांसाठीच्या नियमांतही ही सोय होती. हे कलम आमच्या घराने भोगलंय. आप्पा गेले २००१ मध्ये. आईला कमिशन येत राहिलं २०१९ पर्यंत, दरवर्षी थोडं कमी, कारण एकेक पॉलिसी पिकत होती. शेवटची जमा ११४ रुपयांची. आईने पासबुकातल्या त्या ओळीवर पेन्सिलीने बारीक खूण केली आहे.

आता भाच्याच्या बाजूला अशी काही तरतूद आहे का, हे शोधायला गेले तर उलटंच सापडलं. २०११ चं कॅलिफोर्निया बघा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ च्या क्विल खटल्यात सांगितलं होतं की ज्या विक्रेत्याचं राज्यात प्रत्यक्ष अस्तित्व नाही, त्याला विक्रीकर गोळा करायला राज्य भाग पाडू शकत नाही. ऑनलाइन दुकानांना हे चांगलंच मानवलं. मग राज्यांनी तोड काढली. दुकानाला गिऱ्हाईक पाठवणारा अ‍ॅफिलिएट आमच्या राज्यात बसलाय ना, मग तेच तुमचं अस्तित्व, भरा कर. २००८ मध्ये न्यूयॉर्कने असा कायदा केला, मागोमाग इतरांनी. अ‍ॅमेझॉनचं यावरचं उत्तर बहुतेक ठिकाणी सोपं होतं. त्या राज्यातले अ‍ॅफिलिएटच काढून टाकायचे. जून २०११ च्या अखेरीस कॅलिफोर्नियात कायद्यावर सही झाली आणि तिथल्या हजारो लोकांचं खातं एका ई-मेलने बंद झालं. त्यात फावल्या वेळात करणारे होते, तसे नोकरी सोडून याच कमाईवर घर चालवणारेही होते. सप्टेंबरात सरकार आणि कंपनीचा समेट झाला, वर्षभराची सवलत मिळाली, अ‍ॅफिलिएटना परत घेतलं. मधल्या महिन्यांचं काय, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. भांडण दोन हत्तींचं होतं.

इलिनॉयमधल्या फॅटवॉलेट या सवलती शोधून देणाऱ्या कंपनीने तर त्याच वर्षी ऑफिसच उचलून हद्दीपलीकडे, विस्कॉन्सिनमधल्या बेलॉइटला नेलं. मिरजेच्या माणसाला यातली मजा लगेच कळेल, आमच्याकडेही थोडं पुढे गेलं की कर्नाटक. पण हद्द ओलांडून धंदा वाचवायची वेळ आप्पांवर कधी आली नाही. पुढे २०१८ मध्ये वेफेअर खटल्यात न्यायालयाने १९९२ चा निकालच फिरवला आणि हा वाद संपला.

वाद संपला तरी दर आहेतच. आधी जास्त विक्री करणाऱ्याला जास्त टक्का अशी चढती पायरी होती. मार्च २०१७ मध्ये अ‍ॅमेझॉनने ती काढून वस्तूच्या प्रकारानुसार ठरावीक दर लावले. मग आला एप्रिल २०२०. टाळेबंदी, सगळं जग घरात बसून ऑनलाइन मागवतंय, आणि १४ तारखेला अमेरिकेतल्या अ‍ॅफिलिएटना कळवलं गेलं की २१ पासून नवे दर. फर्निचर आणि घरसामानाचे ८ वरून ३ टक्के, किराणा ५ वरून १. सात दिवसांची मुदत! करारात तसं लिहिलेलंच असतं, आम्ही अटी केव्हाही बदलू शकतो म्हणून. सही करताना ते कोण वाचतो?

दुसरा मालक गूगल. गिऱ्हाईक लिंकपर्यंत येतं ते बहुतेक वेळा शोधातून. नोव्हेंबर २००३ मध्ये, ऐन नाताळच्या तोंडावर, गूगलने क्रमवारीची पद्धत बदलली आणि कित्येक साइट पहिल्या पानावरून गायब झाल्या. २०११ मध्ये पुन्हा तेच, २०२३-२४ मध्ये पुन्हा. यात भिकार साइट गेल्या हे बरंच झालं, पण ओल्याबरोबर सुकंही जळलं.

आप्पांचा धंदा सोवळा होता असं मात्र मी म्हणणार नाही. पहिल्या वर्षीचा टक्का मोठा, म्हणून गरज नसलेल्या माणसाच्या गळ्यात पॉलिसी मारणारे एजंट होतेच, आणि दोन वर्षांत त्या लॅप्स व्हायच्या. ४१ व्या कलमाने कमिशनातला वाटा गिऱ्हाइकाला द्यायला बंदी होती, तरी पहिल्या हप्त्यात किती सोडता हा प्रश्न चहाच्या आधी यायचा. आप्पांनीही सोडले असतील, मी विचारलं नाही. आणि ती वीस वर्षांची ५ टक्के रक्कम शेवटी हप्ता भरणाऱ्याच्याच खिशातून जात होती. आप्पा दिसले की ओळखीचे लोक गल्ली बदलत, तेही मी पाहिलंय. भाच्याला हे काही करावं लागत नाही. लोक आपणहून त्याच्याकडे येतात, आणि चांगलं नसेल तर घेऊ नका असं तो स्पष्ट लिहितो. त्याचा मला अभिमान आहे.

यातूनही पाय रोवून उभे राहिलेले आहेत. ब्रायन लॅम यांनी २०११ मध्ये वायरकटर सुरू केलं ते असंच, वस्तू कसून तपासून एकच शिफारस करायची आणि लिंकच्या कमिशनवर चालवायचं. २०१६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ते सुमारे तीन कोटी डॉलरना विकत घेतलं. तिथे लोक वायरकटरचं नाव घेऊन येत. माणसं त्या नावाने यायची, हे महत्त्वाचं.

म्हणून काल मी भाच्याला तीनच प्रश्न विचारले. तुझ्याकडे येणाऱ्यांपैकी किती जण तुझं नाव माहीत असून येतात? तू सहा महिने आजारी पडलास तर सातव्या महिन्यात किती येतील? आणि करारात दर बदलण्याची नोटीस किती दिवसांची आहे? पहिल्याचं उत्तर त्याने लगेच दिलं, पाचातला एक. दुसऱ्याला म्हणाला, दोन-तीन महिने तग धरेल, मग घसरेल. तिसऱ्याला गप्प बसला. मग म्हणाला, "बघून सांगतो. पण आत्या, आजोबांना तरी १९७४ मध्ये कुठे माहीत होतं ते ४४ वं कलम?"

माहीत होतं की नाही, मला खरंच सांगता येणार नाही. पण त्यांची जुनी ट्रंक काढली तेव्हा नेमणुकीच्या पत्राला टाचलेली नियमांची पुस्तिका सापडली, आणि कमिशनच्या पानावर समासात लाल पेन्सिलीची उभी रेघ आहे. त्या पानाचा फोटो आणि आईच्या पासबुकातल्या ११४ रुपयांच्या ओळीचा फोटो मी भाच्याला पाठवलाय. राजीनामा सोमवारी द्यायचा म्हणत होता. त्याच्या कराराचं पान अजून आलेलं नाही.