‘पाहा, प्रकरण 14’

छापील ग्रंथात ‘पाहा, पान 112’ असे लिहिणाऱ्याला ते पान हलणार नाही याची खात्री असते. सतत दुरुस्त होत राहणाऱ्या ग्रंथाला ही सोय नाही. मजकुरात संगणकाला कळतील अशा खुणा कशा घालाव्यात, हे ठरवण्यासाठी नोव्हेंबर 1987 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या व्हॅसर कॉलेजात अभ्यासक जमले आणि ‘टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह’, अर्थात टीईआय, सुरू झाली. तिची मार्गदर्शिका असाच ग्रंथ आहे. दुव्यांविषयीचे प्रकरण 2002 च्या पी4 आवृत्तीत चौदावे होते, 2007 च्या पी5 मध्ये ते सोळावे झाले. तरी संदर्भांचे आकडे हाताने बदलावे लागत नाहीत, कारण संदर्भ क्रमांकाला बांधलेलाच नसतो. प्रकरणाला ‘एसए’ ही खूण आहे. संदर्भाच्या जागी ‘पीटीआर’ हा रिकामा टॅग लिहून त्यात ती खूण द्यायची, क्रमांक आणि शीर्षक प्रणाली भरते. लेखकाला स्वतःचे शब्द घालायचे असतील, तर ‘रेफ’ हा टॅग आहे.

पानांच्या आकड्यांनी शतकानुशतके भागलेच होते ना, असे कोणी म्हणेल. प्लेटोचे संदर्भ आजही 1578 च्या एस्तिएन आवृत्तीच्या पानांवरून देतात, हे खरे. पण आजच्या पुस्तकात ते आकडे समासात छापलेले असतात, त्या पुस्तकाच्या पानांशी त्यांचा संबंध नसतो. तिथे पानाचा आकडा टिकला, तो नाव होऊनच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पी4 पर्यंत संदर्भातली खूण त्याच दस्तऐवजात कुठेतरी असावीच लागे. नसली तर तपासणीतच चूक पकडली जाई. दस्तऐवजाबाहेर जायला ‘एक्सपीटीआर’ आणि ‘एक्सरेफ’ हे वेगळे टॅग होते. पी5 ने हा भेद मिटवून सगळीकडे वेबचा पत्ता स्वीकारला. पल्ला वाढला, पण आपोआप मिळणारी हमी गेली. दुवे तपासायला वेगळी व्यवस्था लागू लागली. हा तोटा खराच, पण जुन्या हमीला मर्यादा होती. खूण अस्तित्वात आहे एवढेच ती सांगे. तिथला मजकूर अजून तोच आहे का, हे नाही. उद्या ‘एसए’ ही खूण दुसऱ्याच प्रकरणाला दिली, तर तपासणी बिनतक्रार पार पडेल आणि वाचक मात्र भलतीकडे पोहोचेल. एकदा दिलेले नाव दुसऱ्याला द्यायचे नाही, हा नियम कुठलेही यंत्र पाळून देत नाही. तो संपादकांनाच पाळावा लागतो.